जुनं म्हणजे कुबट नव्हे: मुरलेली पोर्ट कशी चाखावी आणि बुचाचा दोष कसा ओळखावा

निपाणीत आमच्या घराला लागूनच तंबाखूची वखार होती. पावसाळा लागला की अण्णा रोज सकाळी वखारीत एक फेरी मारायचे आणि शाळेला जायच्या आधी मीही त्यांच्या मागे मागे. बोदाच्या, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्याच्या, शिवणीत दोन बोटं घालून ते थोडं पान ओढायचे, स्वतः हुंगायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "वास घे. आधी नाक, मग तोंड." चांगल्या पानाला मधाचा आणि वाळल्या गवताचा वास. भिंतीला टेकून ओल धरलेल्या बोदाला दुसराच, कुबट. तो बोद अण्णा तिथल्या तिथे बाजूला काढायला लावायचे, कारण एकाचा कुबटपणा शेजारच्या चारांना लागतो.

पुढे मी हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि एकोणीस वर्षं प्रवासी जहाजांवर वाइन वाढण्याचं काम केलं. आता बेळगावात हिंदवाडीत असतो. गेल्या काही वर्षांत मला एक प्रश्न सारखा येतो. कुणाची लेक लिस्बनला, कुणाचा जावई लंडनला, कुणाचा भाचा जहाजावर. कुणीतरी येताना जुनी पोर्ट वाइन आणतं, ती शोकेसमध्ये पितळी समईशेजारी उभी राहते, आणि कुणाच्या तरी साठीला किंवा निवृत्तीला उघडायची ठरते. मग फोन येतो, "जरा येऊन बघतासा काय?"

तिथे गेल्यावर एक वाक्य मी हमखास ऐकतो: "जुनी आहे ना, म्हणून वास असा." हे वाक्य चुकीचं आहे, आणि त्यापायी चांगल्या चांगल्या माणसांनी बिघडलेली वाइन घोट घोट करून, मान डोलवत संपवलेली मी पाहिली आहे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी बाटली कुठली ते बघा

पोर्ट, मदेरा आणि शेरी या तिन्ही वाइनमध्ये द्राक्षाचं कडक मद्य घालून त्यांची ताकद वाढवलेली असते. पोर्ट होते पोर्तुगालमधल्या डोरो नदीच्या खोऱ्यात. त्या मुलुखाची हद्द १७५६ सालीच आखून दिली गेली. द्राक्षाचा रस आंबत असताना मध्येच त्यात ७७ टक्के ताकदीचं मद्य ओततात. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि फळाची साखर तशीच राहते. तयार वाइनमध्ये मद्य १९ ते २२ टक्के आणि साखर लिटरला साधारण १०० ग्रॅम. घरात कुणाला मधुमेह असेल तर हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. ६० मिलिलिटरच्या पेल्यात सहा ग्रॅम साखर जाते.

लेबलवर 'टॉनी' आणि १०, २०, ३० किंवा ४० असा वर्षांचा आकडा असेल तर ती वाइन लाकडी पिंपात मुरलेली आहे. पोर्तो शहरासमोर, नदीपलीकडे विला नोवा द गाया इथल्या वखारींत साधारण ५५० लिटरची पिंपं वर्षानुवर्षं रचून ठेवलेली असतात. मी पहिल्यांदा तिथे आत गेलो तेव्हा अंधार, गारवा आणि लाकडाचा वास यांनी मला थेट निपाणी आठवली. टॉनीचं मुरणं पिंपातच पुरं होतं. बाटलीत गेल्यावर ती सुधारत नाही, हळूहळू उतरतच जाते. मागच्या लेबलवर 'एन्गार्राफादो एम' असं लिहून पुढे साल दिलेलं असतं. ते बाटलीत भरल्याचं साल. ते साल पाहा आणि चार-पाच वर्षांच्या आत बाटली उघडा. "नातवाच्या लग्नाला उघडू" म्हणून टॉनी ठेवू नका.

'व्हिंटेज' लिहिलेली पोर्ट उलट. एकाच वर्षीच्या द्राक्षांची ही वाइन दोन-तीन वर्षांत बाटलीत भरतात आणि तिचं खरं आयुष्य तिथून सुरू होतं. वीस, तीस, पन्नास वर्षंही ती मुरते. नातवाच्या लग्नासाठी ठेवायचीच असेल तर ही ठेवावी. हिला लांब, घट्ट ठोकलेलं बूच असतं आणि तळाशी जाड गाळ बसतो. टॉनीला बहुधा वरून टोपी असलेलं, हाताने निघणारं बूच असतं. पण टोपीखाली असतं ते खरं बूचच, त्यामुळे बुचाचा दोष, म्हणजे बुचातून वाइनला लागणारा कुबट वास, तिथेही येऊ शकतो.

मदेराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिचं आपल्या देशाशी नातं आहे. अटलांटिकमधल्या मदेरा बेटावरून वाइनची पिंपं जहाजात भरून, उष्ण कटिबंध ओलांडून हिंदुस्थानपर्यंत आणायची आणि तशीच परत न्यायची, अशी एके काळी रीतच होती. तळघरात ठेवलेल्या वाइनपेक्षा ही फिरून आलेली वाइन सरस लागायची. तिला 'विन्यो द रोदा' म्हणत, म्हणजे फेरी मारून आलेली वाइन. आज ती फेरी होत नाही. त्याऐवजी साधी मदेरा टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात, आणि उत्तम प्रतीची वाइन पिंपात भरून वखारीच्या उबदार माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवतात. उष्णता आणि हवा दोन्ही आधीच सोसून बसलेली असल्याने आपल्या शोकेसमध्ये बिनधास्त टिकते ती मदेराच. तिची बाटली मात्र उभीच ठेवा. तिच्यातलं आम्ल फार तेज असतं, ते बूच खातं.

आपल्या गोव्यात पोर्ट म्हणून मिळणारी गोड लाल वाइन वेगळी. नाताळच्या केकसोबत ती छान लागते, पण ती मुरवण्यासाठी केलेली नसते. आणली की संपवावी.

ठेवणं

बेळगाव अडीच हजार फुटांवर असल्याने आपली हवा बरी, पण पश्चिमेच्या खिडकीसमोरची शोकेस एप्रिलच्या दुपारी तापतेच. बाटलीला ऊन नको आणि सारखा गरम-गारही नको. कपाटाचा सगळ्यात खालचा, भिंतीकडचा कप्पा, जिथे आपण जुन्या साड्या ठेवतो, ती जागा चांगली. फक्त तिथे डांबरगोळ्या नकोत. व्हिंटेज आडवी ठेवावी म्हणजे बूच ओलं राहतं. टॉनी उभी चालते.

उघडणं

व्हिंटेज उघडायच्या दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा, गाळ तळाला जाऊ दे. मान ओल्या कापडाने पुसा. बुचाच्या वरच्या तोंडावर काळी बुरशी दिसली तर घाबरू नका. ती बाहेरची आहे, पुसली की गेली. तिच्यावरून आतल्या वाइनचा निकाल लावू नका.

जुनं बूच ठिसूळ असतं. मळसूत्र अगदी सरळ आणि पूर्ण खोलवर घाला, मग धीराने ओढा. दोन पातळ पात्यांचा बूच काढायचा चिमटा मिळाला तर त्याहून चांगलं. तो बूच आणि काच यांच्या फटीत दोन्ही बाजूंनी सरकवतात आणि पिळत पिळत वर घेतात. पोर्तुगालमध्ये लालबुंद तापवलेली सांडशी बाटलीच्या मानेला लावून, वर गार ओलं कापड दाबून काचच तडकवण्याची जुनी पद्धत आहे. मी ती जहाजावर अनेकदा केली आहे. घरी करू नका.

बूच तुटून आत पडलं तर वाइन बिघडत नाही. काचेच्या जगमध्ये अलगद ओतून घ्या. स्टीलच्या चहाच्या गाळणीत मलमलचा तुकडा घाला, आणि तो तुकडा नुसत्या प्यायच्या पाण्यात खळबळून पिळलेला असू दे. साबणाचा किंवा ब्लीचचा वास असलेलं कापड पन्नास वर्षांचं काम एका मिनिटात घालवतं. ओतताना मानेखाली टॉर्च धरा. गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली की थांबा. टॉनीला आणि मदेराला हे गाळणं लागत नाही.

गारवा किती? टॉनी १२ ते १६ अंश, व्हिंटेज १६ ते १८. आपल्या घरच्या हिशेबात सांगायचं तर टॉनी पाऊण तास फ्रिजमध्ये, व्हिंटेज वीस मिनिटं. फार गार केली तर चांगला वास झोपतो आणि वाईट वासही लपतो.

रिकामा ग्लास आधी हुंगा

ही पायरी कुणीच करत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मा घोटाळा इथेच होतो. आपल्याकडे चांगले ग्लास वर्षातून दोनदा निघतात. एरवी ते लाकडी कपाटात पालथे घातलेले असतात. चार महिने पाऊस, कपाट बंद, ग्लासाच्या पोटात कोंडलेली हवा. उचलून हुंगा, तुम्हाला कपाट हुंगल्यासारखं वाटेल. त्यात वाइन ओतली की लोक म्हणतात बाटली बिघडली. खानापूरला एका साखरपुड्यात मी स्वतः बाटलीला दोष देणार होतो, तेवढ्यात रिकामा ग्लास नाकाशी धरला आणि गप्प बसलो. ग्लास धुऊन आणले, वाइन उत्तम निघाली.

तेव्हा ग्लास गरम पाण्याने धुवा आणि शेवटी प्यायच्या पाण्याने विसळा. नळाच्या पाण्याला कधी कधी क्लोरीनचा वास असतो. उन्हात वाळलेल्या कापडानेच पुसा. फडताळात तीन दिवस ओलसर पडलेलं फडकं नको. ग्लास मोठा घ्या, साध्या वाइनचा, तोंडाशी थोडा निमुळता. इवलासा पेला दिसायला सुंदर असतो, पण त्यात वास मावत नाही. ओतायची ५०-६० मिलिलिटर, बाकी जागा वासासाठी.

खोलीत उदबत्ती नको, अंगाला अत्तर नको, स्वयंपाकघरात फोडणी चाललेली नको. गौरी-गणपतीत हे जमणं अवघड, म्हणून मी लोकांना सांगतो, बाटली सणाच्या दिवशी उघडू नका, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निवांत उघडा.

जुनेपणाचा खरा वास

आपल्या मराठीत वासांना इतके नेमके शब्द आहेत की वाइन हुंगायला वेगळी भाषा शिकावी लागत नाही. खवट, कुबट, आंबूस, करपट, वशट, कोंदट, उग्र. जहाजावर माझे युरोपीय सहकारी ज्या वासाला चार वाक्यं लावायचे त्याला मी मनातल्या मनात एक शब्द लावत असे आणि माझा अंदाज सहसा चुकत नसे.

वीस वर्षांच्या चांगल्या टॉनीवर नाक ठेवा. पहिली येते काकवी. आपल्याकडे गुऱ्हाळावर उकळत्या कढईवरून येते तशी, थोडी धुराची झाक असलेली. मग सुकं अंजीर, खारीक, अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल. थोडा वेळ गेला की भाजलेली कॉफी. काही बाटल्यांत मला निपाणीचं चांगलं, पिकलेलं तंबाखूचं पान मिळतं, आणि ते मिळालं की मी क्षणभर बोलत नाही.

मदेरात आणि खूप जुन्या टॉनीत मेथीचा भास होतो, तव्यावर भाजलेल्या मेथीदाण्यांचा. हा भास खराच असतो. मेथीला तिचा वास देणारं सोटोलोन नावाचं द्रव्य वाइन मुरताना तिच्यातही तयार होतं. बेळगावच्या कुठल्याही गृहिणीला हे मी सांगायच्या आधी कळतं.

खवटपणाची एक छटा मात्र समजून घ्या. पिंपात फार वर्षं राहिलेल्या वाइनला जुन्या अक्रोडासारखा वास येतो. स्पॅनिशमध्ये त्याला 'रान्सिओ' म्हणतात, शब्दशः खवट. तिथे तो गुण मानतात. आजूबाजूला गोडवा, सुकामेवा असेल आणि त्यात ही झाक असेल तर काळजीचं कारण नाही.

आंबूस, शिरक्यासारखा किंचित वास मदेरात चालतो. डोळ्यात झोंबेल असा नेलपॉलिशचा वास आला तर वाइन गेली. करपलेल्या मुरंब्याचा वास, बाटलीच्या मानेला चिकट ओघळ आणि थोडं वर आलेलं बूच ही पोर्टला ऊन लागल्याची खूण. सडक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास आला तर थांबा. जगमध्ये अर्धा तास मोकळी ठेवली की तो बहुतेक वेळा उडून जातो.

आणि कुबट. हा उडून जात नाही. तासाभराने हुंगलं तर वाढलेला असतो. बुचाच्या दोषाची ही सगळ्यात भरवशाची परीक्षा.

कणकुंबीला माझ्या मावशीचं घर होतं. तिथला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं सांगायला नको. ऑगस्टमध्ये तिच्या माळ्यावरची लाकडी पेटी उघडली की जो वास यायचा, तो हा. भिजून वाळलेला पुठ्ठा, पावसातलं बारदान, कोपऱ्यात राहून गेलेली जुन्या वर्तमानपत्रांची ओली रद्दी. लाकडाचा वास निराळा, मातीचा निराळा. हा त्या दोन्हींत बसत नाही.

हुंगायची रीत अशी ठेवा. ग्लास न हलवता पहिला वास घ्या आणि ग्लास खाली ठेवून पाच मिनिटं दुसरीकडे जा. परत येऊन दुसरा घ्या. सलग हुंगत बसू नका, कारण या वासाला नाक फार लवकर सरावतं आणि पाचव्या वेळी काहीच जाणवत नाही. मग माणूस म्हणतो, "गेला बघा वास." गेलेलं असतं ते नाक. शंका राहिली तर थोडी वाइन दुसऱ्या ग्लासात घेऊन तेवढंच पाणी घाला. मद्याची झळ आणि साखरेचा पडदा कमी होतो आणि लपलेला वास वर येतो. पोर्टमध्ये हे करावंच लागतं, कारण तिची ताकद आणि गोडी दोष झाकायला साध्या वाइनपेक्षा जास्त समर्थ असते.

दोन-तीन माणसांना हुंगायला द्या, पण आधी 'कुबट' हा शब्द उच्चारू नका. उच्चारलात की सगळ्यांना तो येतो. प्रत्येकाची नाकं सारखी नसतात, एखाद्याला हा वास खरोखर उशिरा कळतो, त्यात कमीपणा नाही. आणि काढलेलं बूच हुंगून निर्णय देऊ नका. बुचाला बुचाचा वास येणारच. निकाल ग्लासातच लागतो.

अवघड बाटली ती, जिच्यात दोष थोडासाच असतो. कुबट वास येत नाही, पण दुसरंही काही येत नाही. काकवी नाही, अंजीर नाही, तोंडात नुसती साखर आणि मद्य, मीठ विसरलेल्या आमटीसारखं. २०१३ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की हा दोष आणणारं द्रव्य नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशींचा संदेशच दाबतं. म्हणजे कुबट वास जाणवण्याइतकं प्रमाण नसलं तरी ते बाकीचे चांगले वास पुसत असतं. ही बाटली सगळ्यात जास्त नुकसान करते, कारण तिच्यामुळे माणूस म्हणतो, "पोर्ट म्हणे फार भारी असते, मला तर काही विशेष लागली नाही."

माझ्या हातून घडलेलं

जहाजावर मी नवा होतो. एका वयस्कर जोडप्याने लग्नाच्या वाढदिवसाला १९७७ सालची व्हिंटेज पोर्ट मागवली. ते साल पोर्टच्या इतिहासातल्या नावाजलेल्या सालांपैकी एक. बूच मी व्यवस्थित काढलं, वाइन गाळली, नियमाप्रमाणे थोडी हुंगली. अण्णांनी बाजूला काढायला लावलेला बोद समोर उभा राहिला. मला शंभर टक्के कळलं होतं. पण मनात आलं, आपण निपाणीचं पोरगं, आयुष्यात पहिल्यांदा इतकी जुनी बाटली बघतोय, जुन्याचा वास असाच असेल. मी वाढली. ते दोघं काही बोलले नाहीत. दोन-दोन घोट घेतले, हसून आभार मानले आणि उरलेली तशीच ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुख्य वाइन वाढप्याने ती उरलेली हुंगली आणि मला बोलावलं. रागावला नाही. त्याने दुसऱ्या एका बाटलीतली चांगली पोर्ट शेजारी ठेवली आणि दोन्ही हुंगायला दिल्या. जुनं आणि कुबट यांच्यातलं अंतर मला त्या एका मिनिटात कळलं. ते जोडपं तोवर बंदरावर उतरून गेलं होतं. त्यांना मी दुसरी बाटली देऊ शकलो असतो, आमचा तसा नियमच होता. फक्त तोंड उघडायचं होतं.

हे होतं कसं

बूच म्हणजे बुचाच्या ओक झाडाची साल. जगातलं निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं. झाड साधारण पंचवीस वर्षांचं झालं की पहिल्यांदा साल काढतात, पुढे दर नऊ वर्षांनी, आणि बाटलीच्या लायकीची साल मिळते ती तिसऱ्या खेपेला. म्हणजे तुमच्या बाटलीतल्या बुचामागे चाळीसेक वर्षांचं झाड उभं असतं. इतकी वर्षं उघड्यावर राहिलेल्या सालीत बुरशी असतेच. त्या बुरशीला क्लोरीनयुक्त फिनॉल मिळाले, म्हणजे लाकडावर मारलेल्या औषधातून किंवा पूर्वी बुचं क्लोरीनने धूत त्यातून, की ती त्यांचं रूपांतर ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाच्या द्रव्यात करते. त्याला टीसीए म्हणतात. वाइनमधल्या या दोषाचं मूळ हेच, हे १९८१ साली स्वित्झर्लंडमधल्या हान्स टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं. आता बुचं क्लोरीनने धूत नाहीत आणि तपासणीही कडक झाली आहे, त्यामुळे जुन्या बाटल्यांत धोका जास्त, नव्यांत कमी.

प्रमाण किती लागतं? लिटरला दोन ते पाच नॅनोग्रॅम. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत पाण्याचा टँकर येतो, दहा हजार लिटरचा. त्या अख्ख्या टँकरला कुबट करायला मिठाच्या एका बारीक कणाएवढं टीसीए पुरेल. म्हणून यात ना तुमचा दोष असतो, ना बाटली आणणाऱ्याचा, आणि बाटली हजार रुपयांची की पन्नास हजारांची याच्याशीही त्याचा संबंध नाही. एवढ्या प्रमाणात ते शरीराला अपाय करत नाही, तेव्हा चुकून प्यायली गेली तर घाबरायचं कारण नाही. हेच द्रव्य कधी कधी कॉफीच्या बियांतही होतं. एखाद्या वेळी कॉफीला विनाकारण ओल्या पोत्याचा वास आला असेल तर तो बहुधा याच जातीचा.

दोष सापडला तर

पहिलं, दुसरा पेला ओतू नका. हॉटेलात असाल तर लगेच वाढप्याला सांगा, शांतपणे, "हिला बुचाचा वास आहे, तुम्हीही बघा." चांगला वाढपी स्वतः हुंगतो आणि वाद न घालता बदलून देतो. अर्धी बाटली संपवून सांगितलंत तर त्याचाही नाइलाज होतो.

घरी असाल तर उरलेली वाइन बाटलीत परत भरा, तेच बूच लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. लेबल दोन्ही बाजूंनी, मानेवरची कागदी हमीची पट्टी आणि तिचा क्रमांक, बूच, आणि पावती यांचे फोटो काढा. जिथून घेतली त्या दुकानाला पाठवा. परदेशातली चांगली दुकानं हे ऐकून घेतात, पण वर्षानुवर्षं शोकेसमध्ये ठेवलेल्या बाटलीबद्दल कुणी ऐकणार नाही. बाटली वेळेवर उघडण्याचं हे आणखी एक कारण.

पॉलिथीनची पातळ फिल्म चुरगळून वाइनमध्ये बुडवली की कुबट वास कमी होतो, असं तुम्ही ऐकाल. होतो, कारण टीसीए पॉलिथीनला चिकटतं. पण त्याबरोबर अंजीर, काकवी, संत्र्याची सालही चिकटून जाते. मी करून पाहिलं आहे, उरतं ते गोड पाणी. जुन्या वाइनवर हा प्रयोग करू नका. स्वयंपाकातही घालू नका. केकमध्ये तो वास पुन्हा भेटेल अशी जोखीम कशाला?

बाटली चांगली निघाली तर टॉनीबरोबर बेळगावचा कुंदा ठेवा. आटलेल्या दुधाचा खरपूसपणा आणि टॉनीची काकवी एकमेकांत इतकी मिसळतात की वेगळी करता येत नाहीत. गोकाकचं करदंट तर तिच्यासाठीच केल्यासारखं वाटतं. उघडलेली टॉनी फ्रिजमध्ये महिनाभर सहज राहते, मदेरा कित्येक महिने. जुनी व्हिंटेज मात्र दोन-तीन दिवसांत संपवा.

मागच्या सप्टेंबरमध्ये शेजारचे सुभेदार काका पंचाहत्तर वर्षांचे झाले. लेकीने मे महिन्यात लिस्बनहून वीस वर्षांची टॉनी आणली होती. घरचे सगळे जमले, बाटली उघडली, पहिला ग्लास माझ्या हातात दिला. कुबट. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, लेक तर दारातच उभी. मी म्हटलं, "काका, ही बाटली बिघडलीय. पोरीने चांगलीच आणली होती, बुचाने घात केला."

"मामा, जुनी असली की असाच वास येतो म्हणे," कुणीतरी मागून म्हणालं.

मी घरी जाऊन माझ्या फ्रिजमधली उघडलेली दहा वर्षांची टॉनी आणली. दोन स्वच्छ ग्लासांत दोन्ही ओतल्या आणि कोणती कुठली ते न सांगता ट्रे फिरवला. काकू कधी दारूला शिवत नाहीत. त्यांनी पदर सावरून दोन्ही ग्लास एकेकदा नाकाशी धरले.

"हे पोतं," त्या म्हणाल्या, "आणि ही काकवी."

लेकीने दुसऱ्याच दिवशी दुकानाला फोटो पाठवले. त्यांनी बदली बाटली द्यायचं कबूल केलं आणि आता ती घेऊन लेक दिवाळीला येणार आहे. बिघडलेली बाटली मी मागून घेतली. एका छोट्या काचेच्या कुपीत भरून, गळ्याला लाल दोरा बांधून माझ्या कपाटात वेगळी ठेवली आहे. टीसीए वर्षानुवर्षं तसंच राहतं, त्यामुळे ज्याला कुबट म्हणजे काय ते शिकायचं आहे त्याच्यासमोर मी ती कुपी आणि चांगल्या टॉनीचा ग्लास शेजारी शेजारी ठेवतो. तुमच्याकडे अशी बाटली निघाली तर तुम्हीही थोडी ठेवा, वरून खूण करा म्हणजे कुणी चुकून पिणार नाही.

दिवाळीतल्या बाटलीचं ठरलं आहे: बूच मी काढायचं, आणि पहिला वास काकूंनी घ्यायचा.